नंदामावशीची विरजण गँग

आमच्या ग्रुपचं किस्सं कुठनं हुडकून आणायला लागत न्हाईत. चहा टाकला की एक घडतोय, कप इसळस्तोवर दुसरा दारात हुबा! सांगायला बसलो की ऐकणाराच म्हणतोय, "स्वप्या, थापा मारू नगंस." आता थापा मारायला खऱ्यातनं सवड तर गावाय पायजे!

आदी वळख करून देतो. मी स्वप्नाली, सगळी स्वप्या म्हणत्यात. पोरगीच हाय मी, पण आमच्याकडं पोरीबी 'आलो, गेलो' असंच बोलत्यात, तवा गोंधळू नका. दहावी एकदा झालीय माझी, परत एकदा व्हायची हाय! घर शिवाजी पेठंत, पप्पांचं पंक्चरचं दुकान.

ग्रुप म्हंजे बायकापोरांवर हात उचलणाऱ्यांच्या हात धुऊन माघं लागणारी गँग. मेन नंदामावशी. एसटीत कंडक्टर हुती, आता रिटायर. आवाज असा की नुसतं "ओ पावणं!" म्हटली तरी शेवटच्या शिटावरचा माणूस तिकीट हुडकाय लागंल. दुसऱ्या वकीलबाई. ह्या एवढं हळू बोलत्यात की कोर्टात जज्जसायेबच पुढं वाकून ऐकत्यात म्हणं. आन् तिसरी मी. लोकांच्या बेल वाजवून पळायचो, तवा मावशीनं कान धरला आन् म्हणाली, "बेल वाजवायचं धाडस हाय न्हवं? मग आता हुबं ऱ्हायाला शिक. लय कामाची हायस तू!"

एक आत्ताच सांगतो, म्हंजे म्होरं घोळ नको. हे सगळं हसतखेळत चाललंतं, पण माझ्या डोक्यात पूजा घुमत हुती. माझ्या आत्याची पोरगी, हुपरीची. दहावीला. माझ्यासारखी न्हवं, हुशार! आन् तिच्या बापानं, म्हंजे आमच्या आतोबांनी, तिचं लग्न जमवलंतं. पंधरा वर्साच्या पोरीचं! मला मेसेज केलता तिनं: "स्वप्या, मला बोर्डाचा पेपर द्यायचाय गं. कायतरी कर."

आतोबा घरातच चांदीचं पैंजण करत्यात. पैंजण जेवढं नाजूक, तेवढा ह्यांचा आवाज दांडगा. आत्या त्यांच्यापुढं शब्द काढत न्हाय. आमचं पप्पा तर 'दाजी, दाजी' करत भितीला टेकून हुबं ऱ्हात्यात. मी म्हटलो, "तुमी बोला की!" तर पप्पा म्हणालं, "दाजींच्या म्होरं माझं त्वांडच उघडत न्हाय, स्वप्ने."

मग मावशी आन् वकीलबाई हुपरीला जाऊन आल्या. आतोबांनी खुर्च्या काय दिल्या, चहा काय दिला! "लग्न? छ्या! अठरा झाल्याबिगर इषयसुद्धा न्हाय काढायचा!" परत येताना वकीलबाई हळूच म्हणाल्या, "नंदाताई, चहा फारच गोड होता. मला भीती वाटतीय."

* * *

आमची कामाची पद्धत लय साधी. गल्लीत कुणाच्या घरात मारझोडीचा आवाज आला की शेजारची बाई वाटी घिऊन जाती. "वहिनी, विरजण हाय का जरा?" बास, एवढंच. भाषण न्हाय, उपदेश न्हाय. दारात तिसरं माणूस दिसलं की उचललेला हात आपसूक खाली येतोय. तवर दुसरी वाटी येती, मग तिसरी.

एक गडी लय बेरकी हुता. त्याच्या दारात एका सांजच्याला वाट्यांची रांगच लागली. तर वराडतोय, "पेठंत कुणाचंच दही लागंना झालंय व्हय!"

दुसऱ्या दिवशी परत आवाज आला. मी वाटी घिऊन पळालो. दार उघडून म्हणतोय कसा, "विरजण संपलंय! कुणालाच मिळणार न्हाय! निघा!"

माझ्या माघं नंदामावशी. तिनं चपला काढल्या आन् सरळ आत. "संपलं? अरारा! मग दूध कोमट करा, माझ्या वाटीत हाय थोडं, तेच लावतो. दही लागस्तोवर बसतो आमी."

आता दही लागायला सकाळ हुती, हे त्या गड्यालाबी म्हाईत हुतं! सगळ्या बायका भिंतीला टेकून बसल्या. त्यो कोपऱ्यात पाय पोटाशी घिऊन. आन् त्याची बायको मधी आडवी झाली ती घोरायलाच लागली.

सकाळी उठून ती म्हणती, "मावशी, पोलिसात जायाचं म्हंजे काय काय करायचं अस्तंय?"

दही मात्र काय घट्ट लागलंतं!

* * *

आमचं ऑफिस म्हंजे एका तालमीवरची खोली. खाली पैलवान जोर मारत्यात, वर आमी. जिना तालमीच्या दाराला लागूनच.

एकदा एका नवऱ्याला समज द्यायला बोलवलंतं. आला गॉगल घालून. जिना सोडला आन् शिरला तालमीत! छाती काढून म्हणतोय, "बायकोवर हात उचलतो म्हणून बोलवलंय मला. कोण बोलणार हाय, या म्होरं!"

वस्ताद लय शांत माणूस. म्हणालं, "या की पावणं. हात उचलायची हौस हाय न्हवं? हितं सगळे मोकळेच हायत. कुणावर उचलताय बोला."

वर आला तवा डोक्यापासनं पायापर्यंत तांबड्या मातीत. गॉगल न्हाय, एक बूट न्हाय. कुणी मारलं न्हाय हां त्याला! नुसतं लंगोट बांधून बारक्या पोरासंगं खेळवला. नववीतलं पोरगं हुतं ते!

वकीलबाई म्हणाल्या, "बसा." एवढ्या हळू म्हणाल्या, पण त्याला लगीच ऐकू आलं.

* * *

आमी पथनाट्य करतोय. त्यात दारुड्या नवऱ्याचं काम माझं. मिशी चिकटवायची, पप्पांचा शर्ट घालायचा, झुलत यायचं. एक लंबर करतो! मावशी माझी बायको हुती. तीबी एक लंबर, पण मार खाताना तिला हसू येतंय.

जयसिंगपूरच्या बाजारात प्रयोग रंगात आला. मी मावशीवर हात उगारला, "भाकरी का करपली?" म्हणून वराडलो, आन् पाठीत सटाककन काठी बसली!

बघतो तर एक म्हातारी. भाजी टाकून आलीया, नऊवारीचा काष्टा, डोळं लाल. "मुडद्या! बाईवर हात टाकतोस?"

मी मिशी उपसून दावली. "आज्जे, पोरगी हाय मी! नाटक हाय हे!"

म्हातारीनं मला वरपासनं खालपर्यंत बघितलं. म्हणाली, "पोरगी हायस? पोरगी असून बाईला मारतीस?" आन् दुसरी हाणली!

लोकांनी काय टाळ्या वाजवल्या! मग म्हातारी मावशीच्या शेजारी बसली, मावशीचा हात हातात घेतला आन् कितीतरी वेळ सोडंना. मावशी म्हणाली, "मला काय झालं न्हाय, आज्जी." म्हातारी म्हणाली, "तुला न्हाय गं."

* * *

बारक्या पोरांच्या शाळंत आमी एक तास घेतोय. आपलं अंग आपलं असतंय, नको वाटलं तर जोरात वराडायचं, "नाही! माझं अंग माझं हाय!" पोरांस्नी लय आवडतंय. वराडायला परवानगी, अजून काय पायजे?

एका आठवड्यानं पयलीतल्या एका पोराची आई तणतणत आली. "काय शिकवलंय वो तुमी? आंघोळीला बोलवलं की बाथरूमच्या दारात हुबा ऱ्हातोय आन् बोंबलतोय, माझं अंग माझं हाय! शेजारी बघाय येत्यात! वास मारतोय पोरगा!"

मला तर हसून हसून बोलताच येईना. मावशी म्हणाली, "आंघोळीचा येगळा तास घेतो, ताई."

तास घ्यायच्या आदीच ती बाई परत आली. ह्या टायमाला हळू. दारातच बसली. ट्यूशनच्या घरातला एक माणूस पोराला आतल्या खोलीत न्याय लागलता. पोरगा असा बोंबलला की खालचा किराणावाला तराजू टाकून वर पळत आला. त्या माणसावर आता केस हाय, वकीलबाईच बघत्यात.

मावशीनं तिला पाणी दिलं. ती डोळं पुसत म्हणाली, "न करू दे आंघोळ. वास आला तर येऊ दे."

* * *

आता पूजाचं. पप्पांनी घरी सांगितलं, "दाजींचा फोन आलता. रविवारी जयसिंगपुरात लग्न हाय पूजाचं." मी लगीच मावशीला खबर दिली. रविवारी पोलीस घेतले, निघालो!

आतोबांनी सांगितलेल्या हॉलवर पोचलो तर अंतरपाट धरलेला, मंगलाष्टका चालू. वकीलबाई म्हणाल्या, "थांबा, नवरी अल्पवयीन आहे." कुणालाबी ऐकू गेलं न्हाय. मावशीनं कंडक्टरचा आवाज काढला, "थांबवाऽऽ! नवरी बारकी हाय!"

वाजंत्री थांबली. नवरी वळली. पूजा न्हवंच! कुठलीतरी बँकेतली बाई, चांगली पस्तीशीची!

नवरीनं मुंडावळ्या बाजूला सारल्या आन् इचारलं, "किती वर्साची वाटलो मी?"

वकीलबाई गडबडल्या. "सो... सोळा-सतरा."

नवरी नवऱ्याकडं वळून म्हणती, "ऐकलासा? आन् तुमच्या आई म्हणत हुत्या पोरगी थोराड दिसती!"

जेवल्याबिगर सोडलंच न्हाय तिनं आमाला! पोलिसांच्या ताटात तर दोन-दोन जिलब्या. पण मावशीनं घास उचलला न्हाय. पप्पांला मुद्दाम खोटं सांगितलंतं. म्हंजे आमच्या घरातनं खबर गँगकडं जाती ह्याचा आतोबांस्नी सुगावा लागलाय, आन् खरं लग्न आता कवाबी.

* * *

तसंच झालं. त्याच आठवड्यात सकाळी सकाळी पप्पांला फोन. आतोबांचा आवाज फोनच्या भाईर येत हुता. "आज लग्न हाय. हुपरीच्या भाईरच्या हॉलवर या. मामाबिगर नवरी मांडवात येत न्हाय म्हणून बोलावतोय! आन् तुमच्या त्या कार्टीला घरात कोंडून या!"

पप्पांनी फोन ठेवला. शर्ट इस्त्री केला. दुकानाचं शटर खाली वडलं. मला म्हणालं, "बस माघं."

मी स्कूटरवर बसल्या बसल्या मावशीला फोन लावला. ती, वकीलबाई आन् पोलीस निघालेबी. हॉलच्या दारात पप्पा म्हणालं, "गाडीचं तोंड रस्त्याकडं करून लाव. किल्ली काढू नगंस." मला वाटलं, जेवून लगीच पळायचं असंल.

आत तयारी जोरात. मी खोलीत डोकावलो. पूजा शालूत अशी बुडालीती की नुसतं नाकच दिसत हुतं. मला बघून तिनं हात पुढं केला, तवर एका बाईनं मला भाईर ढकललं.

मावशीला फोन केला. मागनं ट्रॅक्टरचा धडधडाट. "उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्यात गं! पोलीस गाडी बी माघं! तिकडं कायतरी करून थांबीव!"

थांबीव म्हणल्यावर सोडतोय व्हय मी! भटजींचा माईक घेतला आन् वराडलो, "पांढरी गाडी कुणाची हाय? हवा सुटलीया, लवकर बघा!" हॉलमधली निम्मी माणसं भाईर पळाली. आजकाल सगळ्यांचीच गाडी पांढरी! ती परत यीस्तोवर मी अक्षतांची पाटी टेबलाखाली सारली. एका काकूनं आतनं दुसरा तांदूळ आणला. मी परत मावशीला फोन लावला. "अजून दोन ट्रॉल्या!"

आतोबांनी मला वळखलं. दंड धरून मला दाराभाईर काढलं. अंतरपाट धरला गेला. नवरा पाटावर हार घिऊन हुबा. आन् भटजींनी माईकवर सांगितलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!"

मी दारातनं बघतोय. खोलीतनं पप्पा आलं. पूजाचा हात धरलेला. खाली मान घालून चालत आलं. मी मनात म्हणतोय, थांबा की पप्पा, पाय मुरगाळला म्हणा, चक्कर आली म्हणा!

पप्पा अंतरपाटापाशी आलं.

आन् थांबलंच न्हाईत!

पाटाच्या बाजूनं तसंच सरळ चालत म्होरं. पूजा संगं. नवरी दिसल्याबरोबर लोकांनी सवयीनं अक्षता टाकल्या, त्या पडल्या पप्पांच्या टकलावर. भटजी माईकवर, "मामा... मामा, पाट इकडं आहे... अहो मामा!" आतोबांच्या तोंडातनं आवाजच फुटंना, नुसता जबडा हलतोय. आत्या खुर्चीवरनं उठली आन् बरोबर आतोबांच्या वाटंत जाऊन हुबी ऱ्हायली. दारातल्या बँडवाल्यांस्नी वाटलं वरात निघाली, त्यांनी दणक्यात वाजवाय सुरू केलं!

त्या बँडच्या मधनं पप्पा आलं. मी स्कूटरची किल्ली फिरवून बाजूला सरकलो. पप्पांनी किक मारली. पूजा माघं बसली.

पप्पांनी मान वळवून बघितलं आन् म्हणालं, "शालू चाकात जाईल बाळा. गोळा करून बस."