रिकाम्या घरांचं कडवं

लग्नानंतर दुबईला निघाले तेव्हा मुंबई विमानतळाच्या दारात आई रडत होती, सासूबाई माझ्या हॅन्डबॅगेत चिवडा कोंबत होत्या आणि बाबा माझ्या नवऱ्याला, निखिलला, समजावत होते, "हिला चांगली गाणी ऐकू दे रे. नुसतं मॉलमध्ये फिरवू नकोस." निखिल हसला. मॉलमध्येही गाणी असतात, असं त्याला म्हणायचं होतं. असतात खरी. तुम्ही तिकडे राहिलेले आणि इकडे आलेले, दोघांनीही ऐकावं म्हणून त्यातल्या एका गाण्याची गोष्ट सांगते.

बाबा खडकीच्या कारखान्यात फिटर होते. चार मित्रांचा त्यांचा बँड होता. कॅम्पातल्या लग्नांमध्ये ते वाजवायचे आणि शेवटी हमखास साठच्या दशकातलं एक इंग्रजी रॉक गाणं घ्यायचे. भाडं थकलं म्हणून घराबाहेर काढलेल्या एका बाईचं ते गाणं. शेवटच्या कडव्यात ती मालकाला विचारते, तुझ्या रिकाम्या घरांत दिवे कुणासाठी लागतात? बाबांचे इंग्रजी उच्चार भयंकर होते, पण या ओळीला त्यांच्या मानेची शीर फुगायची. नवरदेवाचे काका कपाळाला आठ्या घालायचे. बाबांना त्या आठ्या आवडायच्या.

दुबईत हे गाणं मला पहिल्यांदा आमच्या घराजवळ, अल मनखूलच्या एका हॉटेलात भेटलं. कीबोर्डवर, पनीर टिक्क्याबरोबर. मग शुक्रवारच्या ब्रंचला सॅक्सोफोनवर, शब्दांशिवाय. मुलीच्या शाळेच्या कॉयरने तर कमाल केली. त्यांनी 'मालक' काढून 'शेजारी' घातला, कुणाच्या पप्पांना वाईट वाटू नये म्हणून. मुलीला मी कारण विचारलं तर म्हणाली, "मिस सेड इट्स मोअर पॉझिटिव्ह." पॉझिटिव्ह! बेघर बाईला शेजाऱ्याने काय करावं, पोहे द्यावेत?

तेव्हा मी एका बिल्डरच्या मार्केटिंगमध्ये होते. दुबईबाहेर, दीडएक तासावरच्या अल रीम आयलंडवर नव्या टॉवरचं लाँच ठरलं. माझा बॉस समीर ठाण्याचा. मराठी फक्त पगारवाढ नाकारताना बोलायचा. त्याने थीम साँग म्हणून हेच गाणं निवडलं. मी म्हटलं, "अरे, हे घराबाहेर काढलेल्या बाईचं गाणं आहे."

"ट्यून बघ ना. एकदम होमकमिंग फील. शेवटचं कडवं उडव, यल्ला, चल!"

त्याच महिन्यात आई-बाबा व्हिजिटवर आले होते. स्टाफला फॅमिली आणायची परवानगी होती, म्हणून बाबांना लाँचला नेलं. नेलं नसतं तरी चाललं असतं, असं हॉलमध्ये शिरल्यावर वाटलं. काचेच्या पेटीत टॉवरचं मॉडेल, भोवती आमची माणसं. पुण्यात दोन फ्लॅट कुलूप लावून आलेली, तिसरा बघायला जमलेली. एक ओळखीचे जोशी बाबांना म्हणाले, "काका, राहायला नाही हो, नुसतं ठेवायला घ्यायचं." बाबांनी विचारलं, "घर? ठेवायला?"

स्टेजवर गोव्याची एक गायिका होती. तिने कापलेलं गाणं म्हटलं. लोक सुशी खात होते. मध्यंतरात बाबा उठून तिच्याकडे गेले. समीर तिथेच उभा होता.

"शेवटचं कडवं येतं का तुला?" बाबांनी विचारलं.

"आता है ना, अंकल. लेकिन कट करने को बोला है."

"मग म्हण की."

तिने समीरकडे पाहिलं, मग बाबांकडे. आणि म्हटलं. नुसत्या गिटारवर, सगळं कडवं, रिकाम्या घरांसकट. मी वाट पाहिली. कुणीतरी चिडेल, निदान चमकेल.

टाळ्या पडल्या. जोशींनी शिट्टी मारली. समीर धावत आला आणि बाबांचा हात हलवत म्हणाला, "अंकल, काय इमोशन आहे! पुढच्या लाँचला फुल व्हर्जन!"

दुबईला परतताना गाडीत बाबांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "टाळ्या वाजवल्या गं त्यांनी. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

सोमवारी समीरने खरोखरच फुल व्हर्जनचं काम माझ्याकडे दिलं. मी म्हटलं, "मी करणार नाही." तो म्हणाला, "इतकं पर्सनल नको घेऊस." मी घेतलं. आता दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये खोके बनवणाऱ्या कंपनीत आहे. यात शौर्य काही नाही. खोक्यांना थीम साँग लागत नाही, एवढंच.

स्टाफ डिस्काउंटमध्ये त्या टॉवरमधला फ्लॅट घ्यायचं आमचं जवळजवळ ठरलं होतं. निखिल आठवडाभर धुमसला, मग त्यानेच ब्रोकरला फोन करून खलास म्हटलं. आम्ही अल मनखूलमध्येच राहिलो, भाड्याने. एसी घरघरतो, लिफ्ट रुसते. समाजाच्या गणपतीत बायका अजून विचारतात, "अगं, इतकी वर्षं झाली, स्वतःचं घर नाही?" त्यांच्या सुरात कीव असते. त्यांची तीन-तीन घरं आहेत आणि एकातही रात्री कुणी पाणी पीत नाही.

आमचं घर मालकाच्या एका नोटिशीवर जाऊ शकतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी कुणी विचारलं, घर कुठे, तर मी याच बिल्डिंगचं नाव सांगते. आत्ता या घडीला आम्ही तिघं इथे जेवतोय.