बुडातल्या फुटव्याचं पान

द्राक्षाचा खुंट रानटी असतो, त्याच्यावर आपल्या जातीचं कलम बांधतात. कवठे महांकाळजवळच्या आमच्या बागेत एका वेलीला एकाएकी बोटाएवढे लांब मणी लागले. दोन-तीन हंगाम पारखल्याशिवाय ही नवी जात वाढवायची नाही, हा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हेका. तेवढ्यात एका पाव्हण्यानं कलमासाठी त्या वेलीची काडी मागितली, ती मात्र दिली. त्यानं एकरभर लावली आणि जात स्वतःच्या नावावर नोंदवायला अर्ज ठोकला. लय माजोरी माणूस.

मी सांगलीत प्रयोगशाळेत नोकरीला. आबांना म्हटलं, वेलीचं पान पाठवा. त्या पानाचा जीनोम, म्हणजे चार अक्षरांची ती लांबच लांब ओळ, वाचून घेतली. संगणकानं तिचे छोटे तुकडे पाडायचे, इतर जातींत सापडतील ते गाळायचे. उरेल तो तुकडा फक्त आमच्या वेलीचा. तोच पाव्हण्याच्या बागेत सापडला की त्याची बोलती बंद.

तुकडे उरले, ढिगानं उरले. मी हरखून गेले. शेवटची खात्री म्हणून खुंटाचा जीनोमही तुलनेला लावला, तर एकूण एक तुकडा गळाला.

आबांना फोन लावला. "पान कुठलं तोडलं होतं?"

"बुडातल्या फुटव्याचं. घडावरचं पान कोण तोडतंय व्हय? घड पानावर पोसतो की."

बुडातला फुटवा कलमाच्या खालून येतो, म्हणजे निव्वळ खुंट. मी चिडले, नको ते बोलले. "आता तरी वरचं पान पाठवा."

"कुठनं पाठवू? लय पावसानं मुळं कुजली. येल उपटून चुलीत घातली."

मी तिथंच खुर्चीत बसून रडले. जगातला कुठलाही संगणक आता आमच्या कामाचा नव्हता.

रविवारी गावी गेले, तर आबा पाव्हण्याकडं निघालेले. अडवलं, ऐकलं नाही. "नाव त्याचंच ऱ्हाऊ दे. येक काडी मागून आणतो." आमच्याकडं काडी वैऱ्यालाही देतात, काडीला नाही म्हणायची रीतच नाही.

दुपारी आबा परत आले ते हात हलवत. पायरीवर बसले, बराच वेळ टोपी काढेनात.

"चा पाजला," म्हणाले, "आन् न्हाई म्हणाला."