शिल्पाचा ॲटिट्यूड

विमानतळाच्या काउंटरवर उभ्या असलेल्या पोरीशी तुम्ही कसं बोलता? खरं सांगा. ती हसते, म्हणजे तिला पाठीचा कणा नाही, असंच वाटतं ना तुम्हाला?

धुळ्याच्या देवपुरातली शिल्पा नाशिकला जाऊन सहा महिने हसायला शिकली. हो, त्याचाही क्लास असतो. ओठ किती फाकवायचे, मान किती झुकवायची, समोरचा आईबहिणीवर आला तरी "आपली गैरसोय समजते, सर" कसं म्हणायचं, सगळं शिकवतात. त्या विषयाचं नाव ॲटिट्यूड. तिचे वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. त्यांना हा अभ्यासक्रम काही पचला नाही. "हसायचं तर हस," म्हणाले, "पण दात आपले आहेत, हे विसरू नको."

जळगावच्या विमानतळावर एका कंपनीत ती लागली. सहा महिने कच्ची, येत्या शुक्रवारी पक्की होणार होती. व्हायची की नाही, ते मॅनेजरच्या शेऱ्यावर.

मंगळवारी दुपारी सातपुड्याच्या पायथ्याहून दिवालीबाई आल्या. हैदराबादला नर्स असलेली त्यांची लेक ललिता बाळंत झालेली, तिकीट तिनेच काढलेलं. पोचवायला अर्धा पाडा आलेला, बाहेर झाडाखाली बसलेला. पोरगा चैत्राम म्हातारीला घेऊन काउंटरपाशी आला आणि खिशातून धुतलेला, घडी घातलेला रुमाल काढून म्हणाला, "ताई, हाऊ रुमाल खिडकीनी जागावर टाकी या. मनी माय पहिल्यांदाच बसी ऱ्हायनी."

मागचे दोघंतिघं फिदीफिदी हसले. जसे काही हे आईच्या पोटातून बोर्डिंग पास घेऊनच आले होते.

शिल्पा मात्र नाशिकचं हसू विसरून देवपुरातलं हसली. पास पुढे करत म्हणाली, "भाऊ, हाऊ कागदच तुमना रुमाल शे. आते ती जागा मायनी."

चैत्रामने कागद मायच्या पदरात बांधला.

तेवढ्यात रस्त्यांची कंत्राटं घेणारे लोटनशेठ उगवले. तिकीट नाही, विमान भरलेलं, पण शेठला आजच हैदराबाद गाठायचं.

"काय व पोरी, मले वळखस नही का तू?"

"सर, आपला बुकिंग नंबर सांगता का?" शिल्पा गोड हसत म्हणाली. अभ्यासक्रमातलंच वाक्य होतं.

शेठचा चेहरा भरताच्या वांग्यासारखा झाला. मॅनेजर धावत आला, शेठपुढे कमरेत वाकला आणि शिल्पाच्या कानाशी लागला, "त्या म्हातारीला उद्याच्या विमानाने पाठव. मशीन बिघडलं होतं, पास चुकून निघाला, असं सांग. तिला काय कळतंय?"

शिल्पाला शुक्रवार दिसला. मॅनेजरच्या हातातला शेरा दिसला. पण एसटीत टाकलेला रुमाल उचलून कुणी बसलं, तर इकडे काय होतं, हे मेकॅनिकच्या पोरीला कोण शिकवणार?

"पास दिलाय, सर. काढून घ्यायचा असेल, तर तसं लेखी द्या."

"लेखी?"

"दोन ओळी. खाली तुमची सही."

आता असला हुकूम लेखी देणारा साहेब अजून जन्माला यायचाय. मॅनेजर केबिनकडे वळला, लोटनशेठ फोन लावत बाहेर गेले आणि दिवालीबाई खिडकीशी बसून हैदराबादला गेल्या.

शुक्रवारी शिल्पाला लेखी मिळालं, बरं का. कंपनीकडे कागदाचा तुटवडा नाही. 'ग्राहकाशी उद्धट वर्तन. सेवेस आवश्यक ॲटिट्यूड नाही.' कायम करणं थांबवलंय, सोमवारी चौकशी आहे. तिचं म्हणणं ऐकणार कोण, तर तोच मॅनेजर. साक्षीदार असल्यास लेखी जबाब आणावेत, अशीही सोय ठेवलीय. दिवालीबाईंनी ललिताकडून जबाब लिहवून अंगठा पाठवला. पण घरच्या माणसाने लिहिलेला, म्हणून तो चालत नाही म्हणे.

त्या दुपारी रांगेत मात्र चांगले शिकलेसवरलेले चौदा जण होते. काउंटरवर हे चाललं असताना एकजात सगळ्यांना मोबाइलमध्ये महत्त्वाचं काम निघालं. कान मात्र उघडे होते.

त्यांच्यात तुम्ही असाल, तर सोमवारच्या आत जे ऐकलं ते कागदावर लिहा, खाली स्वतःचं नाव घाला आणि तो कागद शिल्पाच्या हातात नेऊन द्या.