बियाण्याचा दुधी

आगाशीत आमच्या शेजारच्या वाडीवाल्या काकूंनी तोंड उघडलं की राजोडीच्या होड्या वादळ समजून किनाऱ्याला लागतात. वैशाखाच्या उन्हात त्या भाजीला पाणी घालतात तेही शिव्या देत. "पानी ढोसताय नुसतं, मेल्यांनो! फळ कोन धरनार, माझा बाप?" वांगी भीतीनेच जांभळी पडतात.

फक्त एका दुधीला कधी शिवी नसे. सासूने दिलेल्या वाणाचा तो दुधी त्यांनी बियाण्यासाठी वेलावरच राखला होता आणि दुपारी त्या त्याला आपलं जुनं लुगडं पांघरवत. तेच बी सासूने थोरल्या जावेलाही दिलेलं, पण कुंपणापलीकडच्या त्या जावेशी काकूंचा अबोला माझ्या मिश्यांहून जुना.

परवा कुणाची तरी शेळी शिरली आणि तो अर्धकच्चा दुधी वेलासकट फस्त करून गेली. मी घाईघाईने कानात बोटं घातली. पण काकू गप्प. आता पावसाआधी बी मिळालं नाही तर वाण संपला. बराच वेळ घुटमळून त्या कुंपणाशी गेल्या आणि मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "वयनी, दुधीचं बी हाय काय?"

पलीकडून जाऊबाई म्हणाल्या, "दर साली तुझ्या नावाची पुडी बांधून ठेवते. मागितलीस कुठं?"