रिंगांची टोकं

शिरूरमध्ये मी घरांचं आरसीसी डिझाइन करतो. भूकंप हा शब्द काढला की लोक माझ्याकडे विमा एजंटाकडे बघावं तसं बघतात.

मागच्या वर्षी एका आप्पांचं दुमजली घर चालू होतं. कॉलमच्या सळयांभोवती ज्या लोखंडी रिंगा बांधतात, त्यांची टोकं आत वळवावी लागतात, नाहीतर भूकंपात रिंग उघडते आणि कॉलम फुटतो. फिटरनं टोकं नुसती काटकोनात ठेवली होती. मी सगळ्या रिंगा सोडायला लावल्या. आप्पा भडकले.

"भूकंप कवा यायचा, साहेब? माझ्या बापानं बी पाह्यला न्हाई."

समजावून समजावून माझं डोकं फिरलं. तेवढ्यात रस्त्यावरून वरात गेली आणि डीजेनं शेजारच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

मी म्हणालो, "भूकंपाचं सोडा आप्पा. हा तर दर लग्नसराईत तुमच्या दारातनं जाणार."

आप्पांनी त्या काचांकडे पाहिलं आणि फिटरला सांगितलं, "समदी टोकं आत वळव."

तेव्हापासून लोक माझ्याकडे डीजेला टिकणारं घर मागायला येतात. मी भूकंपाचं नावही काढत नाही, सगळं नियमाप्रमाणे करून देतो.

माझं ऑफिस मात्र भाड्याचं आहे. खाली मोकळं पार्किंग, आणि बारीक कॉलमांवर वर तीन मजले. वरात आली की मी लॅपटॉप मिटतो आणि खाली रस्त्यावर जाऊन उभा राहतो. लोकांना वाटतं, साहेबांना वरातीची भारी हौस.