मामांची गाडी घाटातच का तापते

सीट कव्हरवाल्या मामांना सख्खा भाचा एकच, शेजारच्या गाळ्यात गॅरेज चालवणारा. पण तो दिवसभर "मामा, मामा" करी म्हणून सगळा बाजारच त्यांना मामा म्हणे. जन्मभर त्यांनी लोकांच्या गाड्यांना कव्हरं शिवली. स्वतःची गाडी कधी नव्हती. शेवटी घेतली ती जुनी, आणि तीही घाटात तापायला लागली. मामाला कोणीतरी मामा बनवलं, असं म्हणून बाजार हसला.

गाडी कशासाठी घेतली हे बाजाराला ठाऊक नव्हतं. मामांना मामीला घरी आणायचं होतं.

मामी घाटापलीकडे लेकीकडे होती. लेकीला मूल झालं, तिची नोकरी, जावई कायम फिरतीवर. "थोडे दिवस जाऊन येते" म्हणून मामी गेली ती तिथलीच होऊन बसली. भांडण नाही, तंटा नाही. नात रांगायला लागली, चालायला लागली, बोलायला लागली, आणि दर वेळी आजीचं निघणं पुढे गेलं. मामा रविवारआड बसने जाऊन भेटून येत. मामीला बस लागायची, त्यामुळे तिचं इकडे येणं नाहीच. अशाच एका रविवारी त्यांना बसस्टँडवर सोडायला आलेली मामी हसत म्हणाली, "जगाच्या गाड्यांना कव्हरं शिवलीत. आता स्वतःची गाडी घेऊन या, मग येते मी."

ती बोलून गेली आणि मामांनी मनावर घेतलं. त्यांचं डोकं तसंच होतं. गिऱ्हाईक गमतीनं काही म्हणालं, तरी हे ते शिवून तयार ठेवायचे.

पूर्वी संध्याकाळी मामी दुकानात स्टुलावर बसून शिवून झालेल्या कव्हरांचे सुटे दोरे कापायची, आणि कापता कापता खोट काढायची. "इथे टीप वाकडी गेलीय. लक्ष कुठे होतं?" लक्ष तिच्याकडेच असायचं, हे मामांनी तिला कधी सांगितलं नाही. आता दोरे लोंबत राहायचे. गिऱ्हाईक तक्रार करायचं, मामा कात्री शोधायला उठायचे आणि त्याच स्टुलावर जाऊन बसायचे. त्यांना मामीची आठवण येत होती असं म्हणणं कमी पडेल. त्यांना ती घरात हवी होती, खोट काढण्यासकट, पुटपुटण्यासकट, आतल्या खोलीत उगीचच कपाट उघडून बंद करणारी.

गाडी आल्यावर मामांनी फोनवर जाहीर केलं, "आता येईन तो आपल्या गाडीनंच." बस बंद. आणि नेमकी गाडी अर्ध्या चढावर तापायची. काटा लाल रेषेला, बॉनेटमधून वाफ, आणि मामा कडेला उभे. इंजिन निवलं की तोंड फिरवून परत. मामीला हे सांगायची त्यांना लाज वाटे.

"येताय का या रविवारी?" मामी फोनवर विचारायची.

"कामं अंगावर आहेत गं."

"बरं." तिचं ते 'बरं' दर खेपेला लहान होत चाललं होतं. मामांच्या ते लक्षात येत होतं, आणि फोन ठेवल्यावर त्यांना घास जात नव्हता.

भाचा गाडीच्या हात धुऊन मागे लागला. पाणी बघितलं, पाइप दाबून बघितले, पंखा वेळेवर फिरतो का ते बघितलं. थर्मोस्टॅट बदलला. रेडिएटर उतरवून आतून साफ करून आणला. गॅरेजात गाडी चालू ठेवली, काटा मध्यावर ढिम्म. स्वतः घाटात नेऊन आणली, तरी काटा ढिम्म. रविवारी मामा एकटे निघाले की मात्र पुन्हा वाफ.

"मामा, गाडी ठणठणीत आहे. तुम्हीच क्लचवर पाय ठेवून चालवत असाल."

"उद्या म्हणशील, मी श्वास घेतो म्हणून तापते," मामा म्हणाले. त्यांना ते लागलं होतं.

भाच्यानं डोकं खाजवलं. "मग इंजिन खोलावं लागेल. हेड गॅस्केट गेलं असेल, तर पुढचे बरेच दिवस गाडी विसरा."

मामांचा चेहरा एवढासा झाला. तो बघून भाचाच वरमला. "खोलायच्या आधी एकदा तुमच्या शेजारी बसून येतो," तो म्हणाला. "रविवारी मामीकडे निघता तसेच निघा. काही म्हणजे काही बदलायचं नाही."

रविवारी सकाळी भाचा हजर झाला. मामा ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बाहेर आले. त्यांनी डिकी उघडली, आतून घडी घातलेलं मरून रेक्झिन काढलं आणि गाडीच्या तोंडासमोर उकिडवे बसून टिचबटणं लावायला लागले. दिव्यांपुरती भोकं ठेवून, दुहेरी अस्तर लावून शिवलेलं ते कव्हर गाडीच्या नाकावर असं काही घट्ट बसलं, की कुठे सुरकुती नाही.

भाचा बघतच राहिला. "हे काय आहे, मामा?"

"तोंडाचं कव्हर. धूळ नको, किडे नकोत. मामी बघेल तेव्हा गाडी कशी नव्यासारखी दिसली पाहिजे."

"आणि जाळी? जाळीसमोर भोकं का नाही ठेवली?"

"शोभा गेली असती ना."

"गॅरेजात कधी दिसलं नाही हे."

"तुझे तेलाचे हात लागतील म्हणून काढून ठेवतो. ठेवणीतलं आहे ते."

भाच्यानं कपाळाला हात लावला. "अहो, गाडीचं नाकतोंड दाबून तिला घाट चढायला लावताय तुम्ही. रेडिएटरला वारा मिळणार कुठून? मी आख्खं इंजिन खोलायला निघालो होतो." त्यानं पटापट बटणं काढली, कव्हर मामांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "जा आता. मी येत नाही. मामीसमोर मला हसू आवरायचं नाही."

मामा एकटेच निघाले. चढाला त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त. काटा हलला नाही. घाटमाथा आला, मागे पडला, आणि मामांनी आरशात बघून केस पुन्हा चापले, लग्न ठरवायला पहिल्यांदा तिच्या घरी गेले होते तेव्हा चापले होते तसे.

दार मामीनंच उघडलं. मामांनी गाडीकडे हात केला. तिनं पायरीवरून गाडी बघितली, मग मामांकडे बघितलं. "बारीक झालात," एवढंच म्हणाली.

मामांनी दारातच सगळं सांगून टाकलं. वाफ, भाचा, थर्मोस्टॅट, कव्हर. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही.

"म्हणजे तुम्ही येत नव्हता, ते गाडी तापायची म्हणून?"

"मग आणखी कशासाठी?"

"मला वाटलं, तुम्हाला एकट्याची सवय झाली." तिनं पदराला उगीच हात पुसले. "तुमचं येणं थांबलं त्याच सुमारास नात शाळेत जायला लागली, माझं इथलं काम संपलं. दर रविवारी पिशवी भरायची आणि सोमवारी रिकामी करायची. तुम्ही न्यायला याल, मग तुमच्याबरोबर बसनंसुद्धा जाऊ, असं म्हणत थांबले."

"पण तुला तर बस लागते."

"लागते. उलटी झाली असती एखादी. घरी तर आले असते."

पिशवी दाराआड भरलेलीच होती. मामा ती उचलायला वाकले, आणि बराच वेळ त्यांना वर बघता आलं नाही.