वॉटफर्डचा क्वार्टरबॅक

रोज सकाळी शाळेला निघण्याआधी परीक्षित मागच्या बागेत चेंडू फेकायचा. कपडे वाळत घालायच्या दोरीवर दुलईचं एक जुनं कव्हर टांगलेलं असे, त्याला मधोमध भोक पाडलेलं. चेंडू त्यातून पार गेला की तो जाऊन उचलून आणायचा आणि पुन्हा फेकायचा. पाऊस असला तरी खंड नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्चना मुलाकडे बघत राही.

चौदाव्या वर्षी तो, ते राहत त्या इंग्रजी गावातल्या, वॉटफर्डच्याच एका क्लबात अमेरिकन फुटबॉल शिकला. चेंडू कधी आणि कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा, म्हणजे क्वार्टरबॅक झाला. मग कॅनडातलं विद्यापीठ आणि पुढे तिथल्याच प्रेअरीवरच्या, सपाट गवताळ मुलखातल्या एका शहराचा व्यावसायिक संघ. सहा मोसम तो राखीवच राहिला. टोपी घालून मैदानाच्या कडेला उभा. अर्चना आणि तिचा नवरा जयंत दुसऱ्या दिवशी नाश्त्याला रेकॉर्ड केलेली मॅच लावायचे, ती त्या टोपीसाठी. "दिसला, दिसला!" जयंत ओरडायचा, आणि तेवढ्यात कॅमेरा सरकायचा. पुरे झालं, आता घरी ये, असं तेव्हा अर्चनाच्या मनात सारखं यायचं.

सातव्या मोसमात मुख्य खेळाडूचा खांदा निखळला आणि परीक्षित मैदानात उतरला. सुरेख खेळला. शेवटच्या मिनिटाला संघ थोडक्यात मागे होता. अमेरिकन खेळात दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, कॅनडात तीनच. तिसऱ्या प्रयत्नाला समोरचे अंगावर धावून आले आणि त्याने चेंडू मुद्दाम मैदानाबाहेर भिरकावला, पुढच्या प्रयत्नाच्या भरवशावर. पुढचा प्रयत्न नव्हताच; मॅच गेली. इतकी वर्षं तिथे काढूनही ऐन वेळी हाताला आठवला तो वॉटफर्डचा क्लब.

दिवाळीच्या कार्यक्रमात जयंतच्या मित्राने, अजयने, सगळ्यांदेखत विचारलं, "काय जयंतराव, चिरंजीवांनी चेंडू प्रेक्षकांना दान केला म्हणे?" जयंत हसला. अर्चनाने हातातली प्लेट खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

मोसम संपताच संघाने त्याला सोडलं. तो घरी आला, शाळेत मुलांना खेळ शिकवू लागला. इतकी वर्षं हवा होता तो मुलगा आता वरच्या खोलीत झोपत होता, आणि अर्चनाला हवं होतं की त्याने जावं. मे महिन्यात संघाचं सराव शिबिर भरतं. जागा झाली तर त्याआधी फोन करतो, असं जुने कोच म्हणाले होते. एकतिसाव्या वर्षी याहून पुढे कुणी वाट बघत नाही, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

फोन एका शनिवारी दुपारी आला. अर्चनाने नळ बंद केला. हॉलमधून त्याचं इंग्रजी ऐकू येत होतं. हो, कोच. नाही, नाही, समजलं मला. बावीस वर्षांचा? अमेरिकन? छानच. मग म्हणाला, त्याला एवढंच सांगा, तिथे प्रयत्न तीनच असतात. आणि हसला.

तो आत आला.

"काय म्हणाले?"

"दुसरा मुलगा घेतला, आई."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"आई, तू? काय बोलणार?"

तिने नळ पुन्हा सोडला. त्याने फ्रिज उघडला, थोडा वेळ आत बघत उभा राहिला.

"दूध संपलंय," तो म्हणाला. "मी जाऊन येतो. हिरव्या झाकणाचंच आणू ना?"